ह्यांतील राम कोणता?

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें सुमारें आठ किलोमीटर गेलें कीं धाम नदी लागते, आणि तिच्या कांठच्या उंचवट्यावर पवनारचा परंधाम आश्रम दिसूं लागतो. विनोबा भावे ह्यांच्या वास्तव्यामुळें हें स्थान सर्वतोमुखीं झालें. आश्रमांत प्रार्थनेसाठीं येणारे लोक पुष्कळ. त्यांच्या मानानें तेथील जुनीं शिल्पें निरखून पाहणारे थोडे. परंतु शाळेची सहल आली आणि मुलें 'भरत-राम' म्हणून पुजल्या जाणाऱ्या शिळेपुढें उभीं राहिलीं, म्हणजे त्यांच्यांतील एखादें धीट पोर हळूच विचारल्यावांचून राहत नाहीं: ह्यांतील राम कोणता?

प्रश्न पोरवयाचा खरा, परंतु पोरकट नव्हे. गेल्या दोन पिढ्यांतील मुलांनीं राम प्रथम पाहिला तो बहुधा छापील चित्रकथेंत. १९६७ सालीं अनंत पै ह्यांनीं मुंबईस 'अमर चित्र कथा' ही माला सुरू केली. तींतील राम निळ्या वर्णाचा; त्यामुळें पान उलटतांच तो ओळखूं येतो. वानर कोण, राक्षस कोण, ऋषि कोण, हें ठरविण्यास वाचकाला क्षणभरहि थांबावें लागत नाहीं. आणि लागलेंच तर मुखाशेजारीं शब्दांचा फुगा असतो, त्यांत एक पात्र दुसऱ्याला नांवानें हांक मारतें. इतकें असूनहि शंकेखोर वाचक उरतोच. मागल्या पानावर ह्याच्या डोक्यावर मुकुट होता, तो ह्या पानावर कोठें गेला? भाता डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर कसा आला? अशीं पत्रें चित्रकथांच्या लेखकांस येत असतात. लेखक विनोदी स्वभावाचा असला तर मुकुट उजळावयास सोनाराकडे दिला होता असें सांगून मोकळा होतो, आणि वाचकहि हंसून गप्प बसतो. थट्टा बाजूला ठेविली तरी एक गोष्ट उरते. पात्राविषयीं विचारावयाचें तर उत्तर देणारा माणूस तेथें जिवंत आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीच्या चित्रकथींकडेहि हीच सोय आहे. तेथील ठाकर मंडळी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं सुटीं चित्रें एकामागून एक समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक ह्यांच्या साथीवर कथा गातात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. ह्या पोथींतील एखादें पान कथेकऱ्याच्या हातांतून काढून घ्यावें आणि अनोळखी माणसापुढें नुसतें टाकावें. त्याला फार तर एवढेंच सांगतां येईल कीं, दोन पुरुष समोरासमोर उभे आहेत आणि एकाच्या हातांत धनुष्य आहे. चित्र आणि कथन हीं दोन्ही मिळून ती कथा होते. निम्मी कथा कागदावर असते, निम्मी कथेकऱ्याच्या कंठांत.

पवनारच्या शिळांचा कथेकरी हरपला आहे. ह्या शिळा वाकाटक काळांतील, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जातात. त्यांवर रंग नाहीं, खालीं नांव कोरलेलें नाहीं, आणि चेहरे काळानें झिजविलेले. अशा शिळेवरील माणसांना नांवें कोणत्या आधारानें द्यावयाचीं, हा प्रश्न विद्वानांनाहि पडला, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.

भरत-राम हें नांव प्रथम दिलें तें विनोबांनीं, आणि त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें सर्वश्रुतच आहे. बाराव्या अध्यायावरील प्रवचनांत सगुण व निर्गुण भक्ति समजावून सांगतांना त्यांनीं लक्ष्मण आणि भरत ह्या दोघां भावांचा दृष्टान्त घेतला. लक्ष्मण सदा रामाच्या सन्निध. भरत त्याच्यापासून दूर राहून तितकाच रामरूप झालेला. चौदा वर्षांनंतर राम आणि भरत भेटले तेव्हां दोघेहि तपानें सारखेच कृश, दोघांच्याहि मस्तकीं जटा. ह्यांतील वनांतून परत आलेला कोणता, हें पाहणाऱ्यास कळूं नये. असें चित्र कोणी काढील तर तें किती पावन होईल, असा उद्गार त्यांच्या मुखांतून निघाला. पुढें १९३८ सालीं प्रकृति अत्यंत क्षीण झाल्यामुळें विनोबा पवनारला, जमनालाल बजाज ह्यांच्या नदीकांठच्या बंगल्यांत राहावयास आले. व्यायाम म्हणून ते शेतांत रोज थोडा वेळ खणीत. एके दिवशीं खणतां खणतां हत्यार दगडावर आपटलें, माती दूर केली, आणि अनेक आकृतींनीं युक्त असें उठावाचें शिल्प वर आलें. विनोबांनीं त्यांत भरत आणि राम ह्यांची भेट पाहिली. सहा वर्षांपूर्वीं जें चित्र मनांत होतें तें भूमीनेंच हातीं दिलें, अशा भावनेनें ती शिळा आश्रमांत स्थापन झाली व तिची पूजा होऊं लागली.

येथें मुलाच्या प्रश्नाची खरी गंमत आहे. विनोबांना हवें असलेलें चित्र असें होतें कीं, त्यांतील राम कोणता हें ओळखूंच येऊं नये. भक्ताच्या दृष्टीनें तो त्या चित्राचा गुण. इतिहासकाराच्या दृष्टीनें मात्र तीच अडचण. कारण दोघे सारखे दिसतात एवढ्यावरून ते राम-भरत ठरत नाहींत.

इतिहासाच्या बाजूनें हें कोडें हातीं घेतलें तें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं. वाकाटकांचे ताम्रपट व शिलालेख वाचण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्या लेखांचा त्यांनीं संपादिलेला मोठा संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरा प्रवरसेन ह्या वाकाटक राजाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट् दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या. पति निवर्तल्यावर तिनें अल्पवयी पुत्राच्या नांवानें राज्यकारभार पाहिला. ऋद्धपूर येथें सांपडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांपासून दिलेला आहे, आणि हा रामगिरि म्हणजे रामटेक, असें मिराशींचें प्रतिपादन. राजधानी पूर्वीं रामटेकजवळच्या नंदिवर्धनास होती. पुढें प्रवरसेनाचे ताम्रपट, त्यांत अमरावती जिल्ह्यांतील चम्मकचा प्रसिद्ध ताम्रपटहि आला, प्रवरपुराहून दिलेले आढळतात. तें प्रवरपुर म्हणजेच धामकांठचें पवनार, असें मिराशींनीं मांडलें. राजानें आईच्या भक्तीला स्मरून नव्या राजधानींत रामचंद्राचें मंदिर बांधलें असावें आणि आश्रमाच्या परिसरांत सांपडलेल्या शिळा त्या मंदिराच्या असाव्या, असा त्यांचा तर्क. त्यांवर त्यांनीं भरतभेट, वालि-सुग्रीवांचें युद्ध इत्यादि रामायणांतील प्रसंग ओळखले.

तर्काला आणखी एक जोड होती. हा प्रवरसेन स्वतः कवि होता. महाराष्ट्री प्राकृतांतील 'सेतुबन्ध' हें पंधरा आश्वासांचें महाकाव्य त्याच्या नांवावर आहे. दण्डीनें आणि बाणभट्टानें त्याची वाखाणणी केली. अकबराच्या काळांतील रामदास नांवाच्या टीकाकारानें तर, विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासानेंच तें प्रवरसेनासाठीं रचलें, अशी परंपरा सांगून ठेविली आहे. कालिदासाचें राहो, परंतु ज्या भाषेच्या पोटीं आजची मराठी वाढली त्या भाषेंतील हें पहिल्या प्रतीचें रामकाव्य विदर्भाच्या राजाच्या नांवावर असावें, ही गोष्ट वर्धेकरांनीं थोड्या अभिमानानें सांगण्यासारखी आहे. राजा रामकथेचा कवि, राजमाता रामगिरिस्वामीची भक्त, मग राजधानींतील शिल्पें रामायणाचीं. ही साखळी ऐकणाऱ्याच्या मनाची पकड घेते.

ती कितपत भार सोसते, तें पाहिलें पाहिजे. सेतुबन्धाची कथा सुरू होते ती शरदृतूच्या आगमनानें. पावसाळा सरला आहे, राम सुग्रीवाच्या आश्रयानें राहून सीतेच्या वार्तेची वाट पाहत आहे. म्हणजे वाली त्यापूर्वींच मारला गेलेला. पुढें समुद्राकांठचा मुक्काम, सेतूची बांधणी, लंकेंतील युद्ध आणि रावणवध ह्यांतच काव्य रंगतें. चित्रकूटावरील भरतभेट त्याच्या कक्षेंत येत नाहीं. शिल्पांत जे प्रसंग ओळखले गेले ते काव्याच्या आरंभापूर्वींचे, आणि ज्या सेतूवरून काव्याला नांव मिळालें तो दगड वाहणाऱ्या वानरांचा देखावा, जो कोठल्याहि शिल्पांत तत्काळ ओळखूं येतो, त्याचा येथें आधार नाहीं. राजाला रामकथा प्रिय होती एवढें काव्यावरून सिद्ध होतें; ह्या शिळेवरचा हा पुरुष राम आहे, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

वालि-सुग्रीवांच्या प्रसंगाकडे पाहावें तर मौज अशी कीं, मूळ कथाच ओळख न पटण्याची आहे. किष्किंधाकांडांत सुग्रीव पहिल्यांदां वालीशीं लढावयास जातो तेव्हां झाडाआड उभ्या असलेल्या रामाला दोघांत भेदच करतां येत नाहीं. बाण चुकून मित्राला लागेल ह्या भीतीनें तो सोडतच नाहीं. सुग्रीव मार खाऊन परत येतो आणि रागावतो. मग राम लक्ष्मणाकडून गजपुष्पीची वेल आणवितो व ती सुग्रीवाच्या गळ्यांत घालवितो. दुसऱ्या वेळीं त्या माळेवरून सुग्रीव कोण हें कळतें आणि बाण सुटतो. प्रत्यक्ष रामाला खुणेची गरज लागली, तेथें पंधराशें वर्षांनंतरच्या संशोधकाला लागली तर त्यांत नवल कसलें! शिल्पकारहि असल्याच खुणांवर विसंबतो. मकरावर उभी असलेली नदीदेवता गंगा, कासवावर उभी ती यमुना. हातांत नांगर तो बलराम. शेपूट दिसली तर वानर. पवनारच्या झिजलेल्या शिळांतून अशी निर्विवाद खूण मिळणें कठीण, म्हणून तर एवढा वाद.

पुढील पिढींतील कांहीं अभ्यासकांनीं ह्याच शिळांत रामाऐवजीं कृष्णाच्या चरित्रांतील प्रसंग पाहिले. हें ऐकून श्रद्धावान् श्रोता दचकेल. परंतु दोन पुरुष झुंजत असतील तर ते वाली आणि सुग्रीव असूं शकतात, तसेच कृष्ण आणि कंसाचा मल्लहि असूं शकतात. त्या काळीं एकाच मंदिरावर दोन्ही कथा कोरीत. उत्तर प्रदेशांत ललितपूर जिल्ह्यांत देवगड येथें गुप्तकाळांतील दशावतार मंदिर आहे. त्याच्या जोत्यावर अहल्येचा उद्धार आणि शूर्पणखेचें विरूपण होतें, तसेंच कृष्णाच्या बाळपणांतील प्रसंगहि होते. तेव्हां मंदिर रामाचें म्हणून प्रसंग रामाचे, आणि प्रसंग रामाचे म्हणून मंदिर रामाचें, अशा विधानांचें चक्र फिरूं लागलें तर तें कोठेंतरी थांबवावें लागतें. मिराशींसारख्या थोर विद्वानाचा उपमर्द करण्याचा येथें हेतु नाहीं. त्यांनीं तर्क केला आणि तो प्रामाणिकपणें मांडला. मागून येणाऱ्यांनीं त्याला सिद्धान्ताची वस्त्रें चढविलीं.

प्रवरपुर म्हणजे पवनार ह्या पायालाच पुढें धक्का बसला. रामटेकजवळ मनसर येथें १९९० नंतरच्या दशकांत उत्खनन सुरू झालें. तेथें मोठें मंदिर, राजवाड्यासारखी वास्तु आणि 'प्रवरेश्वरस्य' अशीं अक्षरें असलेली मुद्रा मिळाली. वाकाटक शिल्पांवर १९९७ सालीं ग्रंथ लिहिणारे हॉलंडमधील पंडित हान्स बाकर ह्यांनीं त्यावरून मनसर हेंच प्रवरपुर असें प्रतिपादन केलें. हें मान्य केलें तर पवनारच्या शिळा वाकाटककालीन राहतातच. मात्र त्या राजधानींतील राममंदिराच्या हें म्हणण्याचा आधार जातो.

लोकांनीं मात्र विद्वानांची वाट पाहिली नाहीं. त्यांनीं आपल्या परीनें कोडीं केव्हांच सोडविलीं. पवनारचा पवन राजा होता, त्याच्यापाशीं परीस होता, शेतकऱ्यांकडून तो साऱ्याऐवजीं लोखंडी फाळ घेई आणि त्यांचें सोनें करी, अशी जनश्रुति आहे. केळझर म्हणजे भीमानें बकासुर मारला ती एकचक्रा नगरी, असें त्या बाजूचे लोक सांगतात. समुद्रपूर तालुक्यांतील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद ह्यांचा दर्गा आहे. तेथें गोल दगडी गोटे विखुरलेले आढळतात. नारळांचा माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनीं साधूची टवाळी केली, म्हणून त्यांचा सारा माल दगड झाला, ते हे गोटे. भूगर्भशास्त्र सांगतें कीं, लाव्हा थिजतांना त्यांत राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइटचीं खनिजें सांचतात. वरचा काळा दगड कुजून मातींत मिसळला म्हणजे आंतील टणक गोटे सुटे होऊन उघडे पडतात. गिरडचें कोडें असें सुटलें, कारण गोटा फोडून पाहतां येतो आणि तसला गोटा दख्खनच्या पठारावर इतरत्रहि मिळतो. दर्ग्याला जाणारा माणूस तरीहि ती गोष्ट सांगतो, आणि त्यानें ती सांगूं नये असें कोणीं म्हणूं नये.

पवनारच्या शिळेचें तसें नाहीं. ती फोडून कांहीं कळावयाचें नाहीं. तिचें नांव तिच्या शेजाऱ्यांना ठाऊक. वेरूळच्या कैलास लेण्यांत रामायणाचे प्रसंग ओळीनें कोरलेले आहेत. एखादा झिजला असला तरी आधीचा आणि नंतरचा पाहून मधला ओळखतां येतो. पवनारच्या शिळा मूळ भिंतींतून निखळून विखुरल्या. कोणती कोणाच्या उजवीकडे होती, हें आतां कोणीच सांगूं शकत नाहीं. पिंगुळीच्या पोथींतील पानें वाऱ्यानें उडावीं आणि त्यांतलीं थोडींच हातीं यावीं, तशी ही गत आहे.

१९६७ सालीं नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर ह्यांनीं पवनारला शास्त्रशुद्ध उत्खनन केलें आणि त्याचा वृत्तान्त पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. वस्तीचे थर एकाखालीं एक कसे पडले तें त्यांतून कळलें. परंतु सध्यांचें गांव जुन्या वस्तीच्याच उंचवट्यावर नांदत आहे, आणि नांदत्या घरांच्या खालीं खणतां येत नाहीं. तेथें उरलेल्या शिळा अजून निघावयाच्या असतील तर त्या संशोधकाच्या कुदळीखालीं निघण्यापेक्षां कोणाच्या घराचा पाया खणतांना किंवा शेत नांगरतांना निघण्याचा संभव अधिक.

म्हणून अशी शिळा ज्याला सांपडेल त्यानें काय करावें, हें जाणून ठेवणें अगत्याचें आहे. बहुतेक ठिकाणीं होतें असें कीं, शिळा निघाली, गांव जमलें, तिला ओढून पाराखालीं नेलें, पाण्यानें घासून धुतलें आणि सायंकाळपर्यंत तिच्यावर शेंदूर चढला. भक्तिभाव खरा, परंतु शेंदराच्या थरांखालीं माळ आहे कीं जानवें, शेपूट आहे कीं शेला, हें झांकलें जातें. उलट नको तो थर दूर झाला म्हणजे काय लाभतें, हें रामटेकला दिसलें. केवल-नरसिंहाच्या मंदिरांत भिंतीवरचा लेप काढतांना वाकाटक काळांतील शिलालेख उघडा पडला. त्याचा मोठा भाग नष्ट झालेला आहे. तरी जेवढीं अक्षरें उरलीं त्यांनीं प्रभावतीगुप्तेच्या घराण्याविषयीं ताम्रपटांत नसलेली माहिती दिली.

तेव्हां शिळा दिसतांच ती हलवूं नये. ती कोणत्या बाजूवर पडली होती, किती हात खोल होती, तिच्याजवळ विटा, कौलें, खापरें किंवा दुसरा घडीव दगड होता काय, हें कागदावर टिपावें. आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र काढण्याचें साधन असतें, त्यानें चारी बाजूंनीं चित्र घ्यावें, शेजारीं मोजपट्टी ठेवून. आणि तहसील कचेरींत किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावें. जमिनींतून निघालेली मौल्यवान् वस्तु कळविणें हें कायद्यानें बंधनकारकहि आहे. पूजा चार दिवस उशिरां झाली म्हणून देव रागावत नाहीं.

आश्रमांत ती शिळा आजहि भरत-राम ह्याच नांवानें पुजली जाते. सहलींतील पोराला तेथें उत्तर मिळतें कीं, दोघेहि सारखेच दिसावे असाच हा प्रसंग आहे. एखादें पोर तेवढ्यानें गप्प बसतें. एखादें पुन्हां वाकून दगडावरील गळा, खांदा, कंबर निरखूं लागतें, आणि गुरुजींना बाहेरून दोनदां हांक मारावी लागते.